अठरावा भोंगा

परीक्षेची तारीख पुढे ढकलायची मुदत दुपारी बाराला संपत होती, आणि आत्ता अकरा वाजून गेले होते. ट्रूडीने फोनवर ते पान उघडून ठेवलं होतं. बोट टेकवलं की झालं. वकिलीच्या कॉलेजचं पुढच्या वर्षी बघू. बर्फ गुळगुळीत करायच्या यंत्राशेजारी उलट्या बादलीवर बसून तिने मांडीवरचा सरावाचा पेपर पुन्हा चाळला. पंचवीसपैकी वीस प्रश्न सोडवलेले, पाच कोरे. अख्खा हिवाळा हेच रडगाणं.

बाहेर चिमुरड्यांचा हॉकीचा सामना नुकताच संपला होता. सामन्याचं घड्याळ आणि भोंगा सांभाळणारा म्हातारा ओरेस्ट कॉफीचा कप घेऊन आत आला.

"चल, यंत्र काढ. मोठी पोरं खोळंबलीत. आणि तोंड का असं पाडलंस?"

"अठराव्या भोंग्याला थांबले, ओरेस्ट. पाच प्रश्न राहिलेच. बाराच्या आत परीक्षा पुढे ढकलते."

"भोंग्याचा काय संबंध?"

"फोन जवळ असला की माझं लक्ष उडतं. म्हणून पेपर सोडवताना तो गाडीत ठेवते आणि तुमचे भोंगे मोजते. दर दोन मिनिटांनी पोरं बदलता ना? अठरा भोंगे म्हणजे पेपराची पस्तीस मिनिटं झालीच की."

ओरेस्टने कप यंत्रावर ठेवला. "दोन मिनिटं गेल्या वर्षी होती, बाई. पोरं दमतात म्हणून आयांनी कटकट केली, तेव्हापासून दीड मिनिटावर आणलं."

ट्रूडीने पेपराच्या कोपऱ्यावर गुणाकार केला. सत्तावीस. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा केला. सगळा हिवाळा ती स्वतःलाच आठ मिनिटांनी फसवत आली होती.

"कोरा पेपर आहे अजून?" ओरेस्टने विचारलं.

"एक आहे."

"मग बाहेर ये. घड्याळ मी लावतो."

ती शिक्षा झालेल्या खेळाडूंच्या बाकावर जाऊन बसली. वरच्या मोठ्या फळ्यावर लाल आकडे पेटले: पस्तीस, शून्य शून्य. पुढच्या संघाची पोरं स्केट घालून काचेला नाकं लावून उभी राहिली. त्यांचा प्रशिक्षक वैतागला.

"अहो, बर्फ गुळगुळीत कोण करणार?"

"वकीलबाई करतील," ओरेस्ट म्हणाला. "जरा दम धरा."

प्रशिक्षकाने फळ्याकडे पाहिलं, बाकावरच्या ट्रूडीकडे पाहिलं आणि पोरांना गप्प बसवलं. मग सबंध रिंगणात नुसता पेन्सिलीचाच काय तो आवाज.

पंचविसाव्या प्रश्नावर खूण करून ट्रूडीने मान वर केली. चार मिनिटं दहा सेकंद उरली होती. इतका शिल्लक वेळ तिने आजवर पाहिलीच नव्हती. त्याचं काय करायचं तेही तिला कळेना.

"अगं, बाराला नऊ मिनिटं कमी आहेत," ओरेस्टने घड्याळाच्या खोलीच्या खिडकीतून आठवण केली. "तुझा फोन आत आहे."

"असू दे," ती म्हणाली आणि यंत्रावर चढली.

सगळा बर्फ गुळगुळीत करायला बारा मिनिटं लागतात. आज तिने एकही कोपरा घाईत उरकला नाही. शेवटची फेरी मारताना तिने वर पाहिलं. घड्याळ चार दहावरच थांबवलेलं होतं, आणि शेजारी, घरच्या संघाच्या नावापुढे, ओरेस्टने एक गोल चढवला होता.