साका

बारामतीच्या प्रयोगशाळेत वृषालीनं कर्करोगावरच्या औषधाचं द्रावण थेंबथेंब पाण्यात सोडलं होतं. त्याचे नॅनोकण पाण्यात तरंगत राहिले, तरच ते औषध पुढं कधीतरी गाठीपर्यंत पोचणार होतं. सकाळी पाहिलं, तर सगळा साका तळाशी आणि वर नितळ पाणी. प्रयोग पुन्हा फसला होता.

तेवढ्यात पळसदेवहून अंथरुणाला खिळलेल्या आईचा फोन आला.

"माझं औषध झालं का गं?"

"सगळं खाली बसलं, आई."

"बरं झालं. हंड्यात तुरटी फिरवल्यावर आमी त्याचीच तर वाट बघतो. गाळ बसला, की पाणी पिण्याजोगं."

वृषालीनं तळाचा साका हलवून पाहिला.

"रविवारी येताना घिऊन ये," आई म्हणाली. "तवर दम धरते मी."