गाडी पाणी पिते

मेहुण्यानं बॉनेट उघडलं आणि वाफेचा लोट अंगावर आला तसा तो दोन पावलं मागे सरला.

"थर्मोस्टॅट अडकला असेल," ड्रायव्हर म्हणाला. "तेवढा बदलून दे, की निघतो आम्ही."

मेहुणा वाकून पाइप चाचपायला लागला. गॅरेज त्याचं होतं, आणि मागच्या सीटवर कांबळं पांघरून बसलेली त्याची सख्खी बहीण होती. एक दिवसाआड तिला डायलिसिसला न्यायचं, तेही घाट उतरून पलीकडच्या शहरात. बसचे हिसके तिला सोसत नव्हते. या एका गाडीवर ड्रायव्हर पोटही भरत होता आणि बायकोला जगवतही होता.

"हे दोन पाइप हीटरचे. हात लावून बघा, दाजी."

ड्रायव्हरनं भीत भीत बोट टेकवलं. इंजिन तव्यासारखं तापलेलं आणि पाइप मात्र दोन्ही थंड.

"इंजिनाचं गरम पाणीच हीटरमध्ये फिरतं. पाणी कमी पडलं की आधी हीटर गार होतो, टेंपरेचरचा काटा मागाहून चढतो. कधीपासून गार वारा सोडतोय हा?"

ड्रायव्हरला उत्तर ठाऊक होतं. थंडी सुरू झाल्यापासून ती दर फेरीला म्हणत होती, अहो, गार वारा येतोय. आणि तो दर वेळी सांगत होता, वारा गरमच आहे, तुझ्या अंगात रक्त नाही म्हणून तुला गार लागतो. अशा पेशंटला थंडी वाजतेच, हे डॉक्टरच म्हणाले होते. मग तिनं म्हणायचं सोडून दिलं आणि कांबळं आणायला लागली. हीटरच्या जाळीपुढे एकदा हात धरून बघावा, एवढंही त्याच्या मनात आलं नव्हतं.

"पाणी घालत होता ना?"

"रोज एक बाटली. म्हटलं जुनी झाली, गाडी पाणी पिते."

"घरात एकजण तरी पोटभर पितंय," मागच्या सीटवरून ती म्हणाली. डायलिसिसमुळे तिचं पाणी पेल्यानं मोजून ठरलेलं होतं, आणि हा विनोद तिचा रोजचाच होता. आज त्याला कुणी हसलं नाही.

इंजिन जरा निवल्यावर मेहुण्यानं रेडिएटर काठोकाठ भरला आणि गाडी सुरू करायला लावली. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे यायला लागले. ड्रायव्हर उतरून ते बघत राहिला.

"हवा धरली असेल," तो म्हणाला. "निघून जाईल."

बुडबुडे येतच राहिले. मेहुण्यानं गाडी बंद केली, ऑइलची पट्टी उपसली आणि त्याच्यापुढे धरली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. रोजची बाटली कुठं मुरत होती, ते आता दिसत होतं.

"हवा नाही, दाजी. इंजिनाचं हेडच फुटलं. पाण्यात धूर शिरलाय, ऑइलमध्ये पाणी. या इंजिनात आता काही राहिलं नाही."

"काहीच करता येणार नाही?"

"हीटर गार पडला तेव्हा आणली असती, तर केलं असतं." बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. "आज कुणाची तरी गाडी मागून आणतो मी."

"आणि परवा?"

मेहुणा फडक्याला हात पुसत राहिला. मग त्यानं बॉनेट लावून टाकलं.

ती दार उघडून हळूहळू खाली उतरली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे वारा गारच होता ना रे?" तिनं भावाला विचारलं.

"होता, ताई."

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरंच समाधान होतं. निदान तेवढा तरी दोष तिच्या अंगाचा नव्हता. ड्रायव्हरला ते समाधान बघवेना.

तिनं कांबळं सावरलं आणि दोन्ही तळवे बॉनेटवर टेकले.

"आज कुठं ऊब लागली या गाडीची."

मेहुणा गाडी शोधायला रस्त्यावर गेला. ड्रायव्हर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानंही पत्र्यावर हात ठेवला. कडेचा पत्रा निवायला लागला होता.

"गार लागतंय का?" त्यानं विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली आणि तिनं हात थोडे मधे सरकवले.