खडक नव्हताच

“बुडाली म्हणजे बुडाली. त्यात एवढा कीस कशाला काढायचा?” असं म्हणून बोट कंपनीच्या वकिलानं घड्याळाकडे पाहिलं.

दुभाषी बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं काम तसं साधं होतं. चौकशीत इंग्रजी कागद आला की उठायचं, तो मोठ्यानं वाचायचा आणि आपल्या भाषेत सांगायचा, एक अक्षर न गाळता. पाणबुड्यांच्या इंग्रजी अहवालात प्रवासी बोटीबद्दल ‘फाउंडर्ड’ असं लिहिलं होतं. वकिलानं घरून करून आणलेल्या भाषांतरात मात्र ‘खडकावर आदळून बुडाली’ असं झालं होतं. खडक आला कुठून? वकिलाच्या खिशातून?

“साहेब,” ती चौकशी अधिकाऱ्याला म्हणाली, “एखादी योजना फसली, बोलणी फिसकटली, तरी इंग्रजीत हा शब्द वापरतात. पण बोटीबद्दल, आणि तेही पाणबुड्यांच्या अहवालात, अर्थ एकच. आत पाणी भरलं आणि बोट तळाला गेली. आदळण्याला त्यांच्याकडे वेगळे शब्द आहेत.”

“मला तर फाउंडर म्हणजे संस्थापक एवढंच ठाऊक,” वकील म्हणाला. “आमच्या कचेरीत फोटो आहे त्यांचा. ते काही बुडालेले नाहीत.”

खोलीत हशा पिकला. बाई हसली नाही, आणि कोपऱ्यातल्या बाकावरचा बोटीचा म्हातारा चालकही हसला नाही. प्रवासी सगळे सुखरूप काठाला लागले होते. पण खडक ठरला तर म्हाताऱ्याचा चाळीस वर्षांचा परवाना जाणार होता, वर तुरुंगवास. पाणी भरलं असं ठरलं तर तो सुटणार होता. आणि ही माणसं दात काढत होती!

अधिकाऱ्यानं तिला शब्दकोश आणायला सांगितलं आणि जेवणाची सुट्टी दिली.

जिन्यापाशी म्हाताऱ्यानं तिला गाठलं. “बाई, खडकच राहू द्या.”

“काका, होता का खडक?”

“असेल. पाण्याखालचं कुणाला दिसतंय?”

“कुणी दम दिलाय का तुम्हाला?”

“मला कोण दम देणार? एकटा जीव. आत राहिलो काय, बाहेर राहिलो काय.” तो खाली बघत राहिला. “तुमच्या भल्याचं सांगतोय. फार खोलात जाऊ नका.”

भल्याचं! म्हणजे आता या गरिबाच्या तोंडून तिलाच धमकी! तिला संताप आवरेना. आता तर सोडायचंच नाही, असं तिनं ठरवलं.

बाबांना दुपारच्या गोळीची आठवण करून द्यायला तिनं घरी फोन लावला, पण बोलली सगळं चौकशीचंच. बाबा बंदराच्या कचेरीतून तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. परवाने, टपाल, अर्ज अशी टेबलावरची कामं त्यांनी जन्मभर केली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“त्या शब्दाचा अर्थ नक्की तोच ना?” त्यांनी विचारलं.

“शंभर टक्के.”

“मग तोच सांग,” बाबा म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, “म्हातारा सुटला पाहिजे.”

दुपारी तिनं तीन जाडजूड शब्दकोश टेबलावर आदळले. अधिकाऱ्यानं चष्मा लावून तिन्ही स्वतः वाचले. मग वकिलानं वगळलेलं अहवालाचं शेवटचं पान तिनं वाचून दाखवलं. तळाच्या तीन फळ्या कुजलेल्या होत्या. अंगठ्यानं दाबलं तरी अंगठा आत जात होता.

“खडक नाही. चालक निर्दोष,” अधिकाऱ्यानं लिहायला सांगितलं. वकिलाचं तोंड एवढंसं झालं. म्हाताऱ्यानं चेहरा ओंजळीत झाकून घेतला. आनंद झालाय बिचाऱ्याला, बाईला वाटलं.

“पण मग ही सडकी बोट पाण्यात सोडली कुणी?” अधिकाऱ्याचा आवाज चढला. दर वर्षी बोट काठावर ओढायची, हातोडीनं तळ ठोकून बघायचा आणि मगच प्रमाणपत्र द्यायचं, असा नियम होता.

ही प्रमाणपत्रं देणारा बंदराच्या कचेरीतला तपासनीस समोरच बसला होता. बाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो घाम पुसायला लागला.

“साहेब, त्या आठवड्यात मी रजेवर होतो,” तो म्हणाला. “माणूस रजेवर असला की कचेरीत जो हजर असेल तो सही ठोकतो. काठावर जाऊन बघतंय कोण? पद्धतच आहे तशी.”

“पद्धत?” बोलायचं तिचं काम नव्हतं, तरी ती कडाडली. “पन्नास माणसं मेली असती या पद्धतीपायी! आणि हा म्हातारा तुरुंगात सडला असता! कोण हजर होतं? घ्या ना नाव!”

“कागदावर आहे,” तपासनीस तिच्याकडे न बघता म्हणाला.

अधिकाऱ्यानं फाइलीतून प्रमाणपत्र काढून तिच्यापुढे सरकवलं. ते इंग्रजीत होतं, म्हणजे वाचायचं काम तिचंच. ती उठली. बोटीचा क्रमांक वाचला, तारीख वाचली. ‘तळ ठोकून पाहिला, स्थिती उत्तम’ हे तर तिनं दातओठ खात वाचलं. मग खालची सही. इतकी गिचमिड होती की कुणाला अक्षर लागलं नसतं. तिला लागलं. शाळा संपेपर्यंत तिच्या प्रगतिपुस्तकावर पालकाच्या जागी दर वर्षी हीच सही असायची.