बंद पानातली घंटी

कडूबाई जांब समर्थच्या जत्रेत हरवली, त्याला वर्ष होत आलं. लेक रेणुकानं जत्रेचे हजारो फोटो गोळा करून लॅपटॉपवर एक वेबपान बनवलं. आईचा चेहरा सापडला, की त्यातून मेंढीच्या घंटीचा आवाज येणार होता.

"आबा, चेहरे ताडून बघायचं जड काम मागं दुसऱ्या थ्रेडवर, म्हंजी वेगळ्या वाटेनं, चालू राह्यलंय. म्हणून समोरचं पान अडकत न्हाई," ती सांगायची.

तिच्या बापाला, धुळाजीला ते पटायचं. मेंढरांच्या मागेही एक माणूस चालतो, राहिलेलं कोकरू उचलतो.

घंटी कधी वाजलीच नाही. आज रेणुकानं पान बंद केलं. "फोटो संपले, आबा," म्हणाली आणि भाकरी थापायला चुलीपाशी गेली.

तेवढ्यात घंटी वाजली.

पान पुन्हा उघडलं होतं. फोटोत, जत्रेच्या गर्दीत कडूबाई उभी होती. तिनं एका पोरीचा हात घट्ट धरला होता. दोघींची तोंडं हाक मारल्यासारखी उघडी होती.

ती पोर रेणुका होती.

पण रेणुका तर त्या जत्रेला गेलीच नव्हती. ती मेंढरांपाशी, त्याच्याजवळ थांबली होती.

"रेणुका," धुळाजी कसाबसा म्हणाला, "मंग त्या दिवशी माझ्यापाशी कोण राह्यल्तं?"

चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला.