थोडा अवधी

उजव्या हाताचा एक हातमोजा, दोन बोटं आत वळवून शिवलेली. इंग्लंडातल्या ग्रिम्सबीच्या मासळी-कारखान्यातलं एक यंत्र, ज्याला अपघातानंतर जाळी बसवली. समोरच्या वकिलांचं सभ्य पत्र : ‘चौकशी चालू आहे, थोडा अवधी द्यावा.’ आल्याचा केक.

केक ग्लेनिस ऑर्मरॉडने आपल्या वकीलबाई रोझालिंडसाठी स्वतः केला होता, उरलेल्या बोटांनी. “कोर्टात कधी उभं राहायचं गं पोरी? मी हॅटसुद्धा घेऊन ठेवलीय.”

रोझालिंडला केककडे बघवेना. कोर्टाची पायरी चढण्याआधी दोन्ही बाजूंनी पत्रांतून बोलून घ्यायचं, ही इथली रीत. तिने ती मनापासून पाळली. त्या पत्रांच्या नादात दावा लावायची अपघातापासूनची तीन वर्षांची मुदत उलटून गेली.

“मिसेस ऑर्मरॉड, आपली मुदत गेली. कारखाना आता हात झटकून मोकळा होईल. चूक माझी आहे.”

“मग आता गं?”

“तुम्ही दुसरा वकील करा. भरपाईसाठी माझ्यावर दावा लावायला.”

ग्लेनिसने सुरी रोझालिंडकडे सरकवली. “तूच काप. मला नीट धरता येत नाही. आणि तुझ्यावर कसला दावा? अख्ख्या कारखान्यात सांगत फिरले मी, माझी वकील कुणाशी वाकड्यात शिरत नाही म्हणून.”

मुदत संपली त्या दुपारी रोझालिंड ऑफिसातच होती. समोरच्या वकिलांना लिहीत होती : ‘सावकाश कळवा, आम्हाला घाई नाही.’