तरुण कैद्यांचा टक्का

युरोपातल्या कोणत्या देशाच्या तुरुंगांत पंचविशीच्या आतले कैदी किती टक्के, याचा तक्ता दरवर्षी निघायचा. त्यात स्वतःच्या देशाचं नाव सगळ्यात वर बघून तिथल्या एका देशाच्या तुरुंगखात्याच्या बड्या साहेबांना तोंड लपवायची वेळ यायची. यंदा मात्र तो आकडा धाडकन निम्म्यावर आला आणि साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. शेजारच्या देशातून तर चार अधिकारी वह्या घेऊन धावत आले. असं केलंत तरी काय, ते आम्हालाही सांगा म्हणाले.

आता ते साहेबांना तरी कुठं ठाऊक होतं! पण कबूल कसं करायचं? त्यांनी पाहुण्यांना थेट तुरुंगात नेलं आणि तिथल्या जुन्या जेलरकाकांच्या पाठीवर थाप मारली. "काका, लाजू नका. या पोरांसाठी काय काय केलंत, ते सांगून टाका."

काका गोंधळले. "मी कुठलं काय करतोय साहेब? ज्याचा वाढदिवस असेल त्याला एक केक देतो, बस्स."

"केक!" पाहुण्यांनी भराभर लिहून घेतलं. "आणि नवी पोरं यायची थांबली?"

"येणार कुठं? आत पाय ठेवायला जागा नाही."

"मग जुनी? ती सुधारून घरी गेली ना?" साहेबांनी मोठ्या आशेनं विचारलं.



"घरी कुठली साहेब! खटल्याची तारीखच लागत नाही. सगळी इथंच आहेत, फक्त निम्म्यांनी पंचविशी ओलांडलीय."