साठ पेट्या

"मॅडम, सही करा ना! पायलट थांबायला तयार नाही," सुभेदार दौंडकर तिसऱ्यांदा म्हणाले.

मेजर डॉक्टर निंबकर कागद हातात धरून धावपट्टीशेजारी येरझाऱ्या घालत होत्या. तीन वर्षांपूर्वीच्या युद्धात मित्रदेशाने या साठ शीतपेट्या रक्ताच्या पिशव्यांनी भरून पाठवल्या होत्या. त्याच रक्तावर दौंडकर वाचले होते. आता लढाई मित्रदेशात पेटली होती आणि करारानुसार रिकाम्या पेट्या आज परत जायच्या होत्या.

"दौंडकर, शेजारणीचं भांडं तुमची आई रिकामं परत पाठवायची?"

"छे! निदान चमचाभर साखर तरी..."

दौंडकर बोलता बोलता थांबले. त्यांनी पेट्यांकडे पाहिलं आणि शर्टाची बाही वर सरकवली.

"पायलटला चहा द्यायला सांगतो, मॅडम. पहिली पिशवी माझी घ्या."